अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी : बाजू बदलणारा माणूस आणि टिकलेला कायदा

एखाद्याला पोलीस घेऊन गेले आणि कुठे ठेवलंय ते घरच्यांना कळेना, तर वकील हायकोर्टात धाव घेतो आणि 'हेबिअस कॉर्पस' दाखल करतो. वर्तमानपत्रात त्यालाच 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणतात. अर्थ साधा आहे : माणसाला कोर्टापुढे उभं करा आणि त्याला कशासाठी धरलंय ते सांगा. आपल्या घटनेच्या कलम ३२ आणि २२६ मध्ये हा आदेश आहे. तो आला इंग्लंडमधून. तिथे तो फार जुना होता, पण त्याला धार आली ती १६७९ च्या कायद्यामुळे. हा कायदा व्हावा म्हणून सर्वांत जास्त जोर ज्याने लावला, तो अँथनी अ‍ॅशली कूपर, पहिला अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. आधीच सांगून ठेवतो, माणूस पुतळा उभारावा असा नाही.

जन्म १६२१, डॉर्सेटमधल्या विम्बोर्न सेंट जाइल्सचा. दहाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले. मागे भरपूर जमीन, आणि ती अज्ञान मुलाची, म्हणून कारभार कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे. हे नाव आपल्याकडच्या जुन्या जमीनदार घराण्यांनाही ओळखीचं असेल, इंग्रजांनी ते इथेही आणलं. तिथे व्हायचं तेच झालं, जमिनी स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या आणि घेणाऱ्यांत नातेवाईकही होते. हा पोरगा काय करतो? थेट राजाचा ॲटर्नी जनरल विल्यम नॉय याच्या दारात जाऊन उभा राहतो आणि 'माझी बाजू मांडा' म्हणतो. नॉयने मांडली. कायद्याचं कागद कसं चालतं आणि कोण कुणाला कसं लुबाडतं, याचं शिक्षण असं लहानपणीच झालं.

पुढची वीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती ऐकूनच गरगरायला होतं. १८ व्या वर्षी पार्लमेंटमध्ये. यादवी युद्धात आधी राजाच्या बाजूने, १६४४ मध्ये पार्लमेंटच्या बाजूने. मग क्रॉमवेलच्या मंत्रिमंडळात, मग क्रॉमवेलशी बिनसलं. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत बोलवायला हॉलंडला गेलेल्या बारा जणांत हा आहेच! आणि ज्यांनी पहिल्या चार्ल्सला मारलं त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा न्याय करायला बसलेल्यांतही हा होता. कालपर्यंतचे काही सहकारी समोर आरोपी म्हणून उभे होते. बक्षीस म्हणून उमरावकी आणि अर्थखातं मिळालं.

१६६७ मध्ये ऑक्सफर्डचा एक तरुण अभ्यासक त्याच्या घरी राहायला आला, जॉन लॉक. होय, तोच तत्त्वज्ञ. पण तेव्हा तो आला होता वैद्यकाचा जाणकार म्हणून. पुढच्या वर्षी शाफ्ट्सबरीच्या यकृताजवळची गाठ लॉकच्या देखरेखीखाली उघडली गेली. भूल नाही, जंतुनाशक नाही, तरी माणूस वाचला. पू निचरून जावा म्हणून चांदीची नळी बसवली, ती त्याने जन्मभर वागवली. विरोधक त्या नळीवरून त्याला 'टॅप्स्की' म्हणत. राजकारणातली चेष्टा कधीच सभ्य नव्हती.

याच काळात अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीच्या आठ मालकांपैकी तो एक होता. १६६९ मध्ये तिच्यासाठी जी राज्यघटना तयार झाली, तिच्यात लॉकचाही हात होता. धर्माच्या बाबतीत तिने त्या काळाच्या मानाने पुष्कळ मोकळीक दिली. आणि त्याच कागदावर असंही होतं, की प्रत्येक स्वतंत्र माणसाची त्याच्या निग्रो गुलामांवर पूर्ण सत्ता राहील. रॉयल आफ्रिकन कंपनीत, म्हणजे गुलामांच्या व्यापारात, शाफ्ट्सबरीचे पैसे होते. हे तळटीपेत ढकलू नये असं माझं मत आहे.

१६७२ मध्ये तो अर्ल झाला, लॉर्ड चॅन्सेलर झाला. वर्षभरात पद गेलं. राजा फ्रान्सकडून गुपचूप पैसे घेतोय आणि राजाचा भाऊ जेम्स कॅथलिक आहे, हे हळूहळू उघड होत होतं. शाफ्ट्सबरी विरोधात गेला, आणि या वेळी मात्र गेला तो परत फिरला नाही.

आता मुख्य गोष्ट. राजाने पार्लमेंट पंधरा महिने तहकूब ठेवलं. १६७७ च्या फेब्रुवारीत ते भरल्यावर शाफ्ट्सबरी आणि आणखी तीन उमराव म्हणाले, जुन्या कायद्याप्रमाणे पार्लमेंट दरवर्षी भरलं पाहिजे, ते भरलं नाही, तेव्हा हे पार्लमेंट आपोआप विसर्जित झालं. हाऊस ऑफ लॉर्ड्सने चौघांनाही टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. बाकीच्यांनी आधी माफी मागितली. शाफ्ट्सबरीने किंग्ज बेंच कोर्टात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. कोर्ट म्हणालं, लॉर्ड्सने धाडलेल्या कैद्याला आम्ही सोडू शकत नाही. शेवटी वर्षभराने गुडघे टेकून माफी मागावी लागली, तेव्हा सुटका झाली.

म्हणजे १६७९ मध्ये तो या कायद्यासाठी धडपडला, तेव्हा बंद दरवाजा आतून कसा दिसतो हे त्याला माहीत होतं. कायद्यात भाषणबाजी नाही, सगळा व्यवहार आहे. कैदी वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत हजर करायचा. मागितल्यापासून सहा तासांत वॉरंटची नक्कल द्यायची, नाहीतर शंभर पौंड दंड. कोर्टाला सुट्टी असली तरी न्यायाधीशाने अर्ज ऐकायचा, नाकारला तर त्याला पाचशे पौंड. कैद्याला समुद्रापार पाठवून कोर्टाच्या हाताबाहेर न्यायचं नाही. ही युक्ती वापरल्याचा आरोप क्लॅरेंडनवर १६६७ मध्ये झालाच होता.

मंजुरीची गोष्ट मजेदार आहे. बिशप बर्नेटने लिहून ठेवलंय, की मतं मोजताना लॉर्ड ग्रेने एका लठ्ठ उमरावाला गमतीने दहा मोजले, समोरच्या मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं, आणि आकडा तसाच लागला! खरं-खोटं बर्नेट जाणे. पण ५७ विरुद्ध ५५ अशी नोंद आहे आणि त्या दिवशी हजर होते १०७. बेरीज तुम्ही करा.

या कायद्यात एक फट होती. पार्लमेंट तो काही काळ बाजूला ठेवू शकत होतं, आणि पुढे वेळोवेळी ठेवलाही. आपल्याकडे आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की स्थानबद्धांना हेबिअस कॉर्पस मागता येणार नाही. एकटे न्या. खन्ना विरोधात. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चूक होता असं २०१७ मध्ये ज्यांनी लिहिलं, ते त्यांचे चिरंजीव.

शाफ्ट्सबरीकडे परत येऊ. ज्या महिन्यांत तो कैद्यांच्या हक्कांसाठी भांडत होता, त्याच महिन्यांत टायटस ओट्स नावाच्या थापाड्याने रचलेल्या 'कॅथलिक कटा'ला तो वारा घालत होता. राजाच्या खुनाचा असा कट नव्हताच. तरी वीसहून अधिक माणसं फासावर किंवा कुऱ्हाडीखाली गेली. वृद्ध लॉर्ड स्टॅफर्डला दोषी ठरवताना शाफ्ट्सबरीनेही तसंच मत दिलं. जेम्सला गादीपासून दूर ठेवायचं, या एका ध्यासापुढे त्याला पुरावा तपासावासा वाटला नाही. मला त्याच्या सगळ्या कोलांट्यांपेक्षा हे जास्त खुपतं.

१६८१ च्या जुलैत फासे उलटले. त्याच्यावरच राजद्रोहाचा आरोप, पुन्हा टॉवर. राजद्रोहाला कायद्याने वेगळं ठेवलं होतं, त्यामुळे तो जवळजवळ पाच महिने आत होता. ड्रायडनने त्याच्यावर तिखट काव्य लिहिलं, तेही ग्रँड ज्युरी बसायच्या आठवडाभर आधी छापून आलं. पण ज्युरी निवडणारे लंडनचे शेरीफ त्याच्या पक्षाचे होते. ज्युरीने खटला चालवण्याजोगा पुरावा नाही असं लिहून दिलं आणि तो जामिनावर सुटला.

पुढच्या वर्षी शेरीफ बदलले. ते राजाच्या बाजूचे आले म्हटल्यावर पुढची ज्युरी कशी असेल हे त्याला सांगायला नको होतं. तो लपला, मग हॉलंडला पळाला. चॅन्सेलर असताना याच हॉलंडला कार्थेजसारखं नष्ट केलं पाहिजे असं तो पार्लमेंटमध्ये म्हणाला होता, आणि आता त्यांनीच त्याला आसरा दिला. २१ जानेवारी १६८३ ला तो ॲमस्टरडॅममध्ये वारला. त्याच वर्षी लॉकही हॉलंडला निघून गेला. सामानात काय हस्तलिखितं होती, ते पुढच्या वेळी पाहू. आता प्रश्न असतील तर घेऊ या.