मे वेस्ट (जीवरक्षक जॅकेट)

मे वेस्ट हे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांनी व विमानातील इतर कर्मचाऱ्यांनी वापरलेल्या फुगवता येणाऱ्या जीवरक्षक जॅकेटाचे टोपणनाव आहे. फुगल्यावर छातीचा भाग भरदार दिसत असल्याने सैनिकांनी त्यास अमेरिकन अभिनेत्री मे वेस्ट हिचे नाव दिले. आज ही जॅकेटे व त्यांच्यासोबतची बचावसामग्री लष्करी वस्तूंचे संग्राहक आवर्जून जमवतात.

इतिहास व रचना

अशा जॅकेटाचे पेटंट अमेरिकेतील पीटर मार्कस यांनी १९२८ साली घेतले. ब्रिटनच्या शाही हवाई दलाचे '१९३२ पॅटर्न' जॅकेट तोंडाने फुंकून फुगवावे लागे. तरंगण्यास मदत म्हणून त्यात कापोकच्या, म्हणजे पांढऱ्या सावरीच्या कापसाच्या, गाद्या असत. त्याचे मळकट कापड समुद्रात सहज दिसत नसे. त्यामुळे १९४० मधील ब्रिटनच्या लढाईच्या काळात अनेक वैमानिकांनी ते पिवळे रंगवले. नंतरचे '१९४१ पॅटर्न' जॅकेट पिवळ्या कापडाचे होते व कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीने फुगत असे. अमेरिकन 'बी-४' प्रकारात दोन स्वतंत्र कप्पे व प्रत्येकासाठी वेगळी वायुनळकांडी असे. एक कप्पा फाटला तरी दुसरा माणसाला तरंगता ठेवी.

संबंधित सामग्री

शिट्टी, पाण्यावर हिरवट-पिवळा डाग पसरवणारी फ्लुओरेसिनची पुडी, रबरी होडी, रेशमी नकाशे आणि हाताने फिरवून चालणारा 'गिब्सन गर्ल' हा आपत्कालीन रेडिओ यांचाही संग्रह केला जातो. समुद्रात पडून बचावलेल्यांसाठी १९४२ मध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डफिश क्लब'ची सदस्यचिन्हेही याच संग्रहात मोडतात.

अस्सलतेची ओळख

कापडावरील शिक्के, कंत्राट क्रमांक, तपासणीच्या तारखा व शिवण यांवरून वस्तूचा काळ ठरवतात. चित्रपटांसाठी व हौशी प्रयोगांसाठी प्रतिकृतीही बनवल्या गेल्या आहेत. '१९३२ पॅटर्न' जॅकेटाच्या बाबतीत पिवळा रंग युद्धकाळातील की नंतर दिलेला, हा कळीचा प्रश्न असतो. धुणे, रंगवणे वा नवे पट्टे शिवणे यांमुळे असा पुरावा कायमचा नष्ट होतो.

जतन व सुरक्षितता

प्राणवायू, ओझोन व प्रकाश यांमुळे रबर चिकट किंवा ठिसूळ होते आणि घडीवर तडे जातात. म्हणून जुने जॅकेट फुगवून पाहू नये; आम्लमुक्त कागदाचा आधार देऊन ते थंड, अंधाऱ्या जागी सपाट ठेवावे. वायूने भरलेल्या नळकांड्या व जुने संकेतज्योत धोकादायक असतात. ते तज्ज्ञांकडूनच निकामी करून घ्यावेत. काही होकायंत्रांवर रेडियमयुक्त रंग असतो. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग चालूच राहतो, कारण रेडियम-२२६ चा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. असे यंत्र उघडू नये.

कायदेशीर बाबी

विमानांचे अवशेष ही अनेकदा मृत सैनिकांची अंतिम विश्रांतिस्थाने असतात. ब्रिटनमध्ये लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या विमानांना १९८६ च्या 'लष्करी अवशेष संरक्षण कायद्या'चे संरक्षण आहे. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याविना तेथून वस्तू काढणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे वस्तू कोठून व कशी मिळाली, याची नोंद संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूइतकीच महत्त्वाची ठरते.