टोपड्याचे माप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नातीचे बारसे आटोपले आणि घरातली मंडळी भेटवस्तू उघडून बघायला बसली. कपडे होते, खेळणी होती, चांदीची वाटी आणि चमचाही होता. पण सगळ्यांत जास्त काय निघाले असेल, तर बाळाच्या डोक्याला लावायचे पट्टे. गुलाबी, पांढरे, जाळीच्या फुलांचे, मोत्यांचे, बो लावलेले. मोजले तर अकरा भरले. टोपडे मात्र एकही नव्हते. त्यातला एक पट्टा लगेच बाळाला चढवला गेला, फोटो निघाले, सगळ्यांनी कौतुक केले. तासाभराने सूनबाई माझ्याकडे आली. म्हणाली, ‘आई, जरा बघता का? हिच्या कपाळावर हे काय उमटलंय?’ पट्टा काढून पाहिला, तर कपाळापासून कानामागेपर्यंत लालसर वळ गेलेला. थोड्या वेळाने तो मावळला. बाळाला काही झाले नाही. पण त्या वळाने मला विचारात पाडले. बाळाच्या डोक्यावर आपण काय घालतो, आणि ते कोणासाठी घालतो?

त्याच संध्याकाळी मी जुनी ट्रंक उघडली. तळाशी मलमलीत गुंडाळलेली एक कुंची होती. माझ्या सासूबाईंच्या आईने शिवलेली. हिरव्या खणाची, काठाला जर आणि आतून मऊ सुती अस्तर. आजच्या अनेक तरुण आईवडिलांनी कुंची पाहिलेली नसते, म्हणून सांगते. कापडाचा लांबट तुकडा मधोमध दुमडायचा आणि मागची कड डोक्यापुरती शिवून घ्यायची. वर डोक्यावर टोपी होते आणि खाली पाठीवर मोकळा घोळ राहतो. गळ्याशी दोन बंद. टोपडे यापेक्षा वेगळे. कपाळापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी, कान झाकणारे दोन बाजूंचे दोन तुकडे आणि हनुवटीखाली बांधायचे बंद. आपल्या विदर्भात बायका त्याला टोपरे म्हणतात. हे दोन्ही शब्द जुने आहेत. १८३१ मध्ये निघालेल्या आणि १८५७ मध्ये सुधारून छापलेल्या मोल्सवर्थच्या मराठी कोशातही ते सापडतात.

श्रोतेहो, आपल्या आज्या-पणज्यांनी या दोन वस्तूंची कामे वेगळी ठेवली होती. टोपडे रोजचे, कुंची मिरवायची. बाळंतविडा यायचा, त्यात झबली, टोपडी, दुपटी यांची चळत असे आणि वर एखादी जरीची कुंची. ही कुंची बारशाला घालायची, देवाला नेताना घालायची, नातेवाइकांकडे पहिल्यांदा जाताना घालायची. घरी आले की ती उतरवून घडी करून ठेवली जाई. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात हलव्याचा मुकुट बाळाच्या डोक्यावर चढतो, तोही असाच घटकाभराचा. बाळ रडू लागले की मुकुट काढला जातो. मिरवणे होते, हौस होती, पण तिला वेळेची मर्यादा होती. बाकीचा सारा दिवस टोपड्याचा.

आणि हे रोजचे टोपडे कशाचे असे? बहुतेक घरांत जुन्या लुगड्याचे. नागपूर हे विणकरांचे गाव. इथल्या आणि उमरेड, पवनी, भंडारा भागातल्या कोष्ट्यांची लुगडी प्रसिद्ध होती. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचे कापड हाताशी आले. ही गिरणी २००२ मध्ये बंद पडली, पण तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून शहरात आहे. नवे कापड, मग ते मागावरचे असो की गिरणीतले, खळीमुळे कडक असायचे. दहा-बारा वर्षे धुतलेल्या लुगड्यात ना खळ उरते, ना कच्चा रंग. म्हणून बाळाचे पहिले कपडे नव्या कापडाचे नकोत, असा रिवाज पडला. त्याला कोणी दृष्टीची भीती जोडली, कोणी सटवाईची. कारण काहीही सांगितले जावो, बाळाच्या कातडीला मऊ कापड मिळत होते. जाणत्या बायका टोपड्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायच्या. दिसायला ते उलटे घातल्यासारखे दिसे, पण शिवणीची धार बाळाला लागत नसे.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुने कापड मऊ असते, पण ते स्वच्छ असतेच असे नाही. बाळंतिणीची अंधारी खोली, शेगडीचा धूर, कोपऱ्यातले कापड आणि न धुतलेले हात, यांनी किती बाळे आणि बाळंतिणी गेल्या याची गणती नाही. नागपुरात हे चित्र बदलण्याचे मोठे काम ज्यांनी केले, त्यांत मातृसेवा संघाचे नाव आदराने घ्यावे लागते. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाबाई होस्पेट यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत हा संघ उभा केला. पुढे १९६१ मध्ये कमलाबाईंना पद्मश्री मिळाली. शिकलेल्या सुईणीच्या हातून बाळंतपण याचा अर्थ उकळलेले पाणी, धुतलेले हात आणि उन्हात वाळवलेले कापड. टोपडे तेच राहिले, जुन्या लुगड्याचेच राहिले, पण ते डोक्यावर चढण्याआधी धुतले जाऊ लागले. बाळाच्या कपड्यांच्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा बदल कोणता, असे मला विचारले तर मी हाच सांगेन.

टोपड्याचे महत्त्व केवळ सवयीचे नाही. नवजात बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठे असते. त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्याचाच असतो. मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी. साहजिकच उघड्या, ओल्या डोक्यातून बाळाची ऊब भराभर निघून जाते. कमी वजनाच्या बाळाला हा गारठा जिवावर बेतू शकतो. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करावे, आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून पांघरूण आणि डोक्यावर टोपी घालावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ च्या मार्गदर्शिकेत सांगितले.

याचा धडा आपल्याच शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने साऱ्या देशाला दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९५ ते १९९८ या काळातले हे काम. बाळाचे वजन करणे, श्वास बघणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे आणि बाळाला उबदार ठेवणे, असे त्याचे स्वरूप होते. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात बालमृत्यूचा दर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर पोहोचू लागली. हे सारे श्रेय एकट्या टोपड्याचे नाही, हे उघड आहे. पण घरात बसून, फारसा खर्च न करता जे करता येते, त्यात टोपड्याला जागा आहे.

म्हणून जुने ते सगळे चांगले, असे समजण्याचे कारण नाही. डोके गोल व्हावे म्हणून टोपडे आवळून बांधायचे, ही आपल्याकडची समजूत अनेक घरांत होती आणि अजून आहे. बाळाची कवटी मऊ असते. टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. एवढ्या काळात सतत दाब दिला तर डोक्याचा आकार बदलतो हे खरे, पण तो सुधारतो असे नव्हे. फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या आसपास बाळांची डोकी पट्ट्यांनी घट्ट बांधायची रीत एकोणिसाव्या शतकातही होती. बांधणाऱ्यांचा हेतू बाळाच्या डोक्याला जपण्याचा होता. परिणाम असा झाला की तिथल्या लोकांची डोकी लांबट आणि कपाळाशी दबलेली दिसू लागली आणि डॉक्टरांनी त्या विकृतीला शहराचेच नाव दिले. आवळलेला पट्टा आणि मायेचा हेतू या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यातून लक्षात घ्यावे.

दुसरी चूक हवामानाची. नागपूरच्या बाळाला एकच नियम लावता येत नाही. याच शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. डिसेंबरच्या पहाटे बाळाला बाहेर काढायचे तर कान झाकणारे टोपडे हवेच. पण मे महिन्यात कूलरच्या खोलीतही लोकरीची टोपी चढवलेली बाळे मी पाहिली आहेत. ज्या डोक्यातून थंडीत ऊब निघून जाते, त्याच डोक्यातून उन्हाळ्यात नको असलेली उष्णता बाहेर पडत असते. ती वाट बंद केली की बाळ तापते. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले काही दिवस सोडले, तर घरात झोपलेल्या निरोगी बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. झोपेत ती नाकावर सरकण्याचाही धोका असतो. कमी वजनाच्या आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता पुन्हा त्या अकरा पट्ट्यांकडे येते. हे पट्टे वाईट आहेत, असे माझे म्हणणे नाही. हौस आम्हीही केली. फरक आहे तो बंदात आणि इलॅस्टिकमध्ये. बंद बांधणारी बाई दर वेळी आपल्या बोटांनी अंदाज घेते, कालच्यापेक्षा आज सैल बांधते. इलॅस्टिक एकदा ठरलेल्या ताकदीने आवळत राहते. आणि बाळाचे डोके तर पहिल्या वर्षी झपाट्याने वाढते. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो, तिसऱ्या महिन्यात तो ४० च्या आसपास जातो आणि वर्षाला ४५-४६ होतो. म्हणजे बारशाला नीट बसलेला पट्टा तीन महिन्यांच्या बाळाला घट्ट झालेला असतो. पाकिटावर ‘एक वर्षापर्यंत’ असे छापले म्हणून तो वर्षभर चालेल असे नाही.

तेव्हा पट्टा घ्यायचाच तर रुंद, मऊ, सुती विणीचा घ्यावा. अरुंद इलॅस्टिक कातडीत रुतते. आधी तो धुवावा. उलटा करून आतली शिवण आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघावी, जे आपल्याला टोचते ते बाळाला जास्तच टोचणार. डोक्यावर घातल्यावर पट्ट्याखाली आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. मात्र तो इतकाही सैल नको की डोळ्यांवरून नाकावर किंवा गळ्यात उतरेल. चिकटवलेले मोती, बटणे, खडे असलेला पट्टा नको, सुटलेला मोती थेट तोंडात जातो. मोठे माणूस समोर असेल तेवढाच वेळ पट्टा ठेवावा आणि झोपवण्याआधी न चुकता काढावा. वळ उमटला तर तो पट्टा पुन्हा वापरू नये. आणि जुन्या टोपड्यांनाही हाच नियम लावावा. त्यांचे लांब बंद पाळण्यात गळ्याभोवती अडकू शकतात, म्हणून टोपडेही झोपेआधी सोडलेच पाहिजे.

मी हे सगळे सूनबाईला सांगितले तेव्हा तिने पट्टे माझ्यासमोर ओतले आणि म्हणाली, ‘आई, तुम्हीच निवडा.’ मनगटावर घासून आणि बोटे घालून बघता बघता अकरातले दोन उरले. बाकीच्यांतले काही तिने बाहुल्यांना घातले. पुढच्या रविवारी तिने इतवारीतून अर्धा मीटर मलमल आणली. शिवणयंत्रावर बसायला डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून मी सांगत गेले आणि तिने शिवले. पहिले टोपडे लहान झाले. दुसऱ्या वेळी तिने बाळाच्या डोक्याभोवती सुतळी धरून माप घेतले, वर दोन बोटे जास्त ठेवली आणि शिवण बाहेरच्या बाजूला काढली. कुंचीही आम्ही बाळाला घातली. फोटो काढला आणि बाळाने तोंड वाकडे करताच उतरवून पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवली.