सीताबर्डीतली खोली आणि मुसाफिर

दसऱ्याच्या सुट्टीत नागपूरला येणारे पाहुणे सीताबर्डीत स्वस्त खोली शोधतात आणि लॉजचे वाढलेले दर ऐकून मला फोन करतात.

प्रश्न जुनाच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या विजयादशमीला धम्मदीक्षेसाठी आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. आदल्या दिवशीची पत्रकार परिषदही तिथेच झाली. त्यांच्या हाकेसरशी आलेल्या लाखोंना मात्र लॉज कुठून परवडणार? कित्येकांनी मैदानातच रात्र काढली. आजही दीक्षाभूमीवर तेच दिसतं.

कुरआनने जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरालाही धरलं आहे. मुसाफिरखाने त्याच शिकवणीतून उभे राहिले. दसऱ्याला आपल्या उर्दू शाळांचे वर्ग रिकामेच असतात. दोन रात्री या मुसाफिरांसाठी ते उघडायला काय हरकत आहे?