कांद्याच्या गोंड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत

चाकणच्या बाजारात कांद्याची आवक किती झाली, भाव काय निघाला, याची चर्चा पुणे जिल्ह्यात रोज चालते. त्या कांद्याचे बी कसे धरते, हे मात्र बीजोत्पादन घेणाऱ्या शेतकऱ्यालाच विचारावे लागते. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावे लागतात, आणि ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. पांढऱ्या गोंड्यांवर माश्या फिरल्या नाहीत, तर बी नीट भरत नाही. फुलकिड्यांसाठी औषध मारायचे, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी मारावे, हा सल्ला त्यातूनच येतो. चाकणच्या पुढे राजगुरुनगरला कांदा व लसूण यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९८ पासून आहे. चाकणच्या अलीकडच्या बाजूला मोटारींचे कारखाने आहेत. शेत आणि कारखाने असे शेजारी आहेत, म्हणून शहरी परागीभवनाच्या अभ्यासात शिरायला चाकणहून चांगले दार मला ठाऊक नाही.

हा विषय म्हणजे मधाचा धंदा, असा समज आधी बाजूला ठेवू. जगात मधमाश्यांच्या सुमारे वीस हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मध साठवत नाहीत, पोळेही बांधत नाहीत. एकेकटी मादी जमिनीत बीळ करते, नाहीतर वाळक्या लाकडात भोक पाडते. अन्नाच्या प्रमुख पिकांपैकी तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत, असा २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा निष्कर्ष आहे. 'कमी-अधिक' हे शब्द वगळून तो सांगू नये. गहू, भात, बाजरी यांचे माशीवाचून अडत नाही. वांग्याची गोष्ट वेगळी. त्याचे पराग नळीसारख्या परागकोशात असतात आणि टोकाच्या छिद्रातून बाहेर येतात. काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा ते भराभर सांडतात. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. म्हणून मधपेट्या आणून ठेवल्या की शहर परागवाहकस्नेही झाले, हे मला मान्य नाही. भुंग्याला वठलेले खोड हवे, बिळातल्या माशीला उघडी माती हवी. आपण खोड तोडून नेतो आणि मातीवर पेव्हर ब्लॉक बसवतो.

पोळे बांधणाऱ्यांत भोसरी-चाकणच्या या पट्ट्यात सगळ्यांना माहीत असते ती आग्या माशी. (सातेरी पोकळीत राहते, फुलोरी झुडपात, त्यांच्याकडे लक्ष जात नाही.) पाण्याची टाकी, पुलाचा खालचा भाग, कारखान्याची उंच शेड या आग्याला कड्यासारख्याच. पोळे एकपदरी आणि उघडे असते. परिसरातला फुलोरा सरला की माश्या ते सोडून निघून जातात. चांदण्या रात्रीही ती चरायला बाहेर पडते. त्यामुळे रात्रपाळीच्या प्रखर दिव्यांकडे ओढली जाते आणि सकाळी दिव्याखाली मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो. तिचा डंख जिवावर बेतू शकतो, तेव्हा कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याची भीती खोटी नाही. पण औषध फवारणाऱ्याला बोलावणे हा एकच उपाय नव्हे. पुण्यात मधमाश्यांच्या संशोधनाची आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे. दिवा कुठे आणि कसा लावायचा, पोळ्याखालचा रस्ता काही दिवस कसा वळवायचा, हे शिकून घेता येते.

कारखान्याच्या आवारात झाडांना जागा देणे इथे नवे नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी १९५४ मध्ये उभी राहिली, महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. या मधल्या काळात मुरमाड माळावर टेल्को कंपनीचा कारखाना उभारताना तिचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी झाडे लावून घेतली, तळे करवले. तिथे पुढे पक्षी आले. ही परंपरा आपल्या घरचीच आहे. पुढे मात्र बागकामाचे कंत्राट झाले आणि जिकडेतिकडे हिरवळ आली, दुभाजकावर बोगनवेल आली. दिसायला झकास, माशीच्या दृष्टीने उपवास. करंज, जांभूळ, शेवगा, पांगारा, कुंपणाला रुई आणि कोपऱ्यात न उपटलेला तेरडा यांना पाणी आणि खर्च दोन्ही कमी लागतात. कोस्टा रिकातल्या कुरिदाबात शहराने परागवाहकांना नागरिक मानून शहराची आखणी केली. आपल्याकडे तेवढ्या मोठ्या घोषणेची गरज नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत कंपन्यांच्या कुंपणाआड जी मोकळी जागा आहे, तिचा एक कोपरा खुरपणी आणि फवारणीविना सोडला तरी सुरुवात होईल.

या अभ्यासाला पदवी लागत नाही. कँटीनमागच्या शेवग्यासमोर सकाळी दहा मिनिटे उभे राहा. कोण आले, किती वेळ थांबले, पायाला पराग होते का, एवढे तारखेसह लिहा, आणि पुढच्या हंगामात त्याच झाडाशी पुन्हा जा. जातीचे नाव सांगायला जाणकार मिळतील. वही तुम्हालाच ठेवावी लागेल.