एकहातीं मासिक

‘निबंधमाला’ आज आपण वाचतों ती ग्रंथाच्या रूपानें. अनुक्रमणिका पाहून हवा तो निबंध काढावा, वाचावा आणि खंड मिटून ठेवावा, अशी आपली रीत. त्यामुळें एक गोष्ट सहज विसरली जाते, ती ही कीं माला ग्रंथ म्हणून लिहिलीच गेली नव्हती. इ. स. १८७४ च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं ती मासिक म्हणून सुरू केली. आणि मासिक म्हटलें म्हणजे महिना उलटतांच नवा मजकूर हवा, मग लेखकास ताप असो कीं शाळेच्या परीक्षा असोत. सात वर्षांच्या हिशेबानें तिचे ८४ अंक निघाले, व त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एका माणसानें लिहिला. आरंभीं त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें.

असा खटाटोप करणारा हा पहिलाच पुरुष नव्हे. शास्त्रीबोवांचा आवडता ग्रंथकार डॉ. जॉन्सन यानें लंडनमध्यें २० मार्च १७५० पासून १४ मार्च १७५२ पर्यंत दर मंगळवारीं व शनिवारीं ‘रॅम्ब्लर’ हें पत्र चालविलें. त्याचे २०८ अंक झाले, आणि चारपांच सोडले तर बाकीचे सर्व त्यानें एकट्यानें लिहिले. तेहि आपल्या प्रचंड कोशाचें काम चालूं असतांना! किंमत दोन पेन्स. खप पांचशेंच्या आंतबाहेर. परंतु जॉन्सनला दर अंकामागें दोन गिनी मिळत, आणि छपाई व विक्री यांची काळजी पुस्तकविक्रेते वाहत. शास्त्रीबोवांचा चरितार्थ मालेवर नव्हता. तो सरकारी शाळेंतील शिक्षकाच्या पगारावर चाले. दिवसा सरकारची चाकरी करावी व रात्रीं इंग्रजी राज्यांत स्वभाषेस आलेल्या दैन्याविषयीं लिहावें, असा तो विलक्षण संसार होता. मध्यंतरीं रत्नागिरीस बदली झाली, तरी माला थांबली नाहीं. थांबली ती चाकरी. १८७९ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला.

स्वतःचें मासिक काढण्याचा हा अट्टाहास कशासाठीं? त्या काळाचा थोडा इतिहास पाहिला म्हणजे उत्तर मिळतें. १८४८ मध्यें लोकहितवादींनीं आपलीं शतपत्रें लिहिण्यास प्रारंभ केला तो भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरां’त. तेथें संपादक उदार होता, म्हणून तीं पत्रें लोकांपुढें आलीं. सर्वच संपादक व मालक असे असत नाहींत. खुद्द शास्त्रीबोवा ज्या ‘शालापत्रका’चें काम पाहत, तें १८७५ मध्यें सरकारनें बंद केलें. पुढें आगरकरांची गोष्ट तर सर्वांस ठाऊकच आहे. ‘केसरी’चे ते पहिले संपादक, पण सामाजिक प्रश्नांवरील त्यांच्या मतांस सहकाऱ्यांमध्यें थारा मिळेना, तेव्हां १८८७ मध्यें ते बाहेर पडले, आणि १८८८ मध्यें त्यांनीं ‘सुधारक’ काढला. दुसऱ्याच्या घरीं कितीहि मान मिळाला, तरी दाराची कडी आपल्या हातीं नसते. ज्यास मनांतलें बोलावयाचें आहे, त्यास आपलें घर बांधावें लागतें व मग त्याची डागडुजीहि स्वतःच करावी लागते.

येथवर लिहिलें तें मी कित्येक वर्षें वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगत आलों. एके वर्षीं शास्त्रीबोवांच्या उपहासशैलीचा नमुना म्हणून जोतीराव फुले यांच्या पुस्तकांवरील मालेंतील टीका मी वाचून दाखवीत होतों. फुल्यांची भाषा, त्यांचें व्याकरण, त्यांचा इतिहास यांची तींत यथेच्छ थट्टा आहे. मुलें हंसत होतीं. तास संपल्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थी जवळ आला व शांतपणें म्हणाला, “सर, पण फुल्यांनीं मूळ काय लिहिलें होतें?”

मला उत्तर देतां येईना. ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ चें, हें मी जाणत होतों. परंतु तें समग्र असें मी वाचलें नव्हतें. त्याची माझी ओळख होती ती शास्त्रीबोवांच्या थट्टेंतून. त्या रात्रीं मी तें पुस्तक वाचलें. त्यांतील इतिहासाच्या उपपत्ती आज टिकणाऱ्या नाहींत, हें खरें. पण शूद्रातिशूद्रांस विद्येपासून कोणीं व कां दूर ठेविलें, हा त्याचा मुख्य प्रश्न. व्याकरणाच्या चुका काढल्यानें तो सुटत नाहीं.

एकहातीं मासिकाची दुसरी बाजू ती हीच. तेथें लेखकाचा हात धरणारा कोणी नसतो, म्हणून तो निर्भय होतो. आणि हात धरणारा कोणी नसतो, म्हणूनच तो अन्यायहि करूं शकतो. प्रतिपक्षाचें म्हणणेंसुद्धां तेथें मालकच सांगतो. मालेचा तेजस्वीपणा व हा दोष एकाच मुळांतून निघाले आहेत. एक ठेवून दुसरा छाटतां येत नाहीं. त्यास उपाय एकच, दुसऱ्यानेंहि आपलें घर बांधावें. फुल्यांनीं १८८५ मध्यें ‘सत्सार’ काढलें व त्यांत पंडिता रमाबाईंचा कैवार घेतला. त्याचे अंक निघाले दोनच. तोंवर शास्त्रीबोवांस जाऊन तीन वर्षें झालीं होतीं.

अशा मासिकांचें आयुष्य लेखकाच्या उमेदीएवढेंच असतें. १८८० च्या २ जानेवारीस न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ च्या ४ जानेवारीस ‘केसरी’ निघाला, एकट्याचें काम अनेकांच्या हातीं गेलें आणि माला संपली. १७ मार्च १८८२ रोजीं शास्त्रीबोवा वारले. वय बत्तीसहि पुरें नव्हतें. चौऱ्यांशीं अंकांची माला उरली ती वाचकांनीं खंड बांधून ठेविले म्हणून; दोन अंकांचें ‘सत्सार’ उरलें तें १९६९ मध्यें महाराष्ट्र शासनानें फुल्यांचें समग्र वाङ्मय छापलें म्हणून. लिहिणें एकट्याचें असलें, तरी राखणें पुष्कळांचें असतें.

शास्त्रीबोवांचें गद्य मी आजहि तितक्याच प्रेमानें शिकवितों. फरक एवढाच, कीं त्या तासाला आतां मी दोन पुस्तकें घेऊन जातों, आणि फुल्यांचें आधीं उघडतों.