गिंको पर्णार्क आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश : एका औषधचाचणीचा इतिहास

वार्धक्यातील विस्मृतीवर वनौषधीचा उपाय सुचविताना तिच्या प्राचीनत्वाचा दाखला देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. गिंको बायलोबा या वृक्षाच्या बाबतीत हा दाखला कितपत टिकतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

चिनी वैद्यकात या वृक्षाचे मुख्यत्वे बीज वापरले जाई, आणि तेही खोकला व दमा यांवर. युरोपला त्याचा परिचय करून दिला तो १६९० ते १६९२ या काळात जपानमध्ये राहिलेल्या एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्याने. त्याचे वर्णन १७१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पानांचा अर्क मात्र जर्मनीतील श्वाबे या औषधनिर्मिती संस्थेने १९६५ मध्ये प्रचारात आणला. पुढे 'ईजीबी ७६१' या नावाने ओळखल्या गेलेल्या अर्कात फ्लॅव्होन ग्लायकोसाइडांचे प्रमाण सुमारे २४ टक्के व टर्पीन लॅक्टोनांचे सुमारे ६ टक्के असे ठरविण्यात आले. म्हणजेच प्राचीन परंपरा म्हणून ज्याचा गौरव झाला, ते वस्तुतः विसाव्या शतकातील कारखानदारीचे अपत्य होते. अर्थात या प्रमाणीकरणामुळेच त्याची काटेकोर परीक्षा शक्य झाली, हेही मान्य केले पाहिजे. दर खेपेस घटक बदलणाऱ्या काढ्याची अशी परीक्षा घेता येत नाही.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने असे पदार्थ 'आहारपूरक' म्हणून, परिणामकारकता सिद्ध न करताच विकण्यास मुभा मिळाली. १९९७ मध्ये ३०९ रुग्णांवरील ५२ आठवड्यांच्या चाचणीत अल्पसा लाभ दिसला. परंतु बऱ्याच रुग्णांनी ती अर्ध्यावरच सोडली होती. विक्री आधी आणि पुरावा नंतर, असा हा उलटा क्रम होता.

निर्णायक चाचणी २००० मध्ये सुरू झाली. स्टीव्हन डेकोस्की यांच्या नेतृत्वाखाली ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींची निवड झाली. त्यांपैकी १,५४५ जणांना १२० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, तर १,५२४ जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. कोणास काय मिळाले, हे सहभागी व्यक्तींना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सुमारे सहा वर्षांच्या निरीक्षणानंतर २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : अर्क घेणाऱ्यांत २७७, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना स्मृतिभ्रंश जडला. संख्याशास्त्रीयदृष्ट्या हा फरक महत्त्वाचा नव्हता. संरक्षण मात्र कोठेच दिसले नाही. स्मृती, अवधान, भाषा यांच्या ऱ्हासाचा वेगही दोन्ही गटांत सारखाच असल्याचे २००९ मध्ये स्पष्ट झाले.

यावर दोन आक्षेप संभवतात. अखेरीस सुमारे ६० टक्के सहभागीच नियमित गोळी घेत होते. शिवाय मेंदूतील विकृती लक्षणांपूर्वी कित्येक वर्षे सुरू होत असल्याने पंचाहत्तरी हे प्रतिबंधासाठी उशिराचे वय ठरते. पहिला आक्षेप विचारार्ह आहे. दुसऱ्याचे निरसन मात्र फ्रान्समधील चाचणीनेही पूर्णतः होत नाही, कारण तेथील २,८५४ व्यक्ती ७० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्याच होत्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाच वर्षांच्या चाचणीत ६१ विरुद्ध ७३ असे रुग्ण आढळले. हाही फरक निर्णायक नव्हता.

या दोन्ही चाचण्या प्रतिबंधाविषयी आहेत. निदान झालेल्या रुग्णांवरील उपचार हा वेगळा प्रश्न असून त्याविषयीच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.