रबाळ्याचा भूतकाळ पेटीत बंद नाही

आजच्या नायिकेला जुनी पेटी सापडते, पेटीत नकाशा निघतो, मग एक प्रकरण आजचे आणि एक तीनशे वर्षांपूर्वीचे. या साच्यातली ऐतिहासिक रहस्यकादंबरी बहुधा निराश करते, कारण तिच्यात भूतकाळ नुसते कोडे होऊन येतो आणि कोडे सुटले की संपतो. 1871 साली आलेल्या रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून मराठी ऐतिहासिक कादंबरीचा मुक्काम मुख्यतः गडांवर आणि दरबारांत राहिला. पण नवी मुंबईतल्या रबाळ्यासारख्या गावाकडे पाहिले, तर दोन काळ जोडायला खजिना लागत नाही हे लगेच कळते.

पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळ्यांचे जगणे भात, मासळी आणि मीठ यांवर चाले. आगऱ्यांच्या मीठ पिकवण्याची नोंद 1882च्या ठाणे गॅझेटियरातही आहे. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध दरवर्षी राखावे लागत आणि ते एकट्यादुकट्याचे काम नव्हते. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. 17 मार्च 1970 रोजी शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. जानेवारी 1984मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात 5 जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. 2004 साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. ज्या हातांनी बांधावर माती टाकली, त्याच हातांत लोकलचा पास आला. दोन्ही काळ एकाच आयुष्यात मावले.

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे; रहस्य नसेल तर वाचक पान का उलटेल? आक्षेप रास्त आहे. पण मोबदल्याचा दर कोणी ठरवला, सातबाऱ्यावर नाव कोणाचे होते आणि कसत कोण होते, हे प्रश्न काय कमी उत्कंठेचे आहेत? हे सारे दप्तरात असेल तर कल्पनेला काम काय उरते, हा दुसरा आक्षेप. उरते, आणि पुष्कळ उरते. जमीन किती गेली ते कागद सांगतो. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईच्या नावावर जमीनच नव्हती, त्यामुळे तिची रोजी गेली तेव्हा तिचा मोबदला कुठल्या रकान्यात मांडायचा, हे तो सांगत नाही. कादंबरीकाराने तिला शोधावे.